मदत हवी आहे : टाइप १ मधुमेह असताना गर्भधारणेची तयारी

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. तिला आता मूल हवे आहे, परंतु एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.८ टक्के आल्यामुळे डॉक्टरांनी ते ६.५च्या खाली येईपर्यंत थांबण्यास सांगितले आहे. बाळाचे हृदय आणि मज्जारज्जू पहिल्या आठ आठवड्यांतच, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे नीट कळण्याआधीच आकार घेतात आणि तेव्हा आईची वाढलेली साखर त्यांना बाधू शकते, त्यामुळे हा सल्ला मला मनापासून पटतो. मात्र इन्सुलिन वाढवल्यापासून पहाटे तिची साखर ५५पर्यंत उतरते आणि घामाने भिजलेल्या तिला आई चमच्याने ग्लुकोजचे पाणी पाजते.

इन्सुलिनवर असताना ज्यांचे बाळंतपण झाले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या मदतीने रात्रीचा डोस आणि झोपण्यापूर्वीचे खाणे कसे बसवले? जन्मानंतर बाळाची साखर उतरू नये, म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजणे जमले का?