मदत हवी आहे: चित्रकाराच्या माहितीपटात पट्टे आणि चमक

कुंचला_कट: गिरगावातल्या एका चित्रकारांवर माहितीपट करतोय. फुटेजमध्ये कॅनव्हासवर आडवे काळे पट्टे सरकतात, आणि ओला रंग इतका चमकतो की रेघच दिसत नाही. रविवारी परत शूट आहे, लवकर सांगा.

फोकसराव: कॅमेरा? शटर? दिवे? तैलरंग की ॲक्रिलिक? काहीच न सांगता 'लवकर सांगा'!

कुंचला_कट: सोनी मिररलेस, सेकंदाला ३० फ्रेम, शटर १/६० सेकंद. ट्यूबलाइट. तैलरंगच, अजून काय असणार.

फोकसराव: मग होणारच. आपली वीज ५० हर्ट्झ, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० ठेव, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये नेमक्या दोन लुकलुकी येतील आणि पट्टे जातील. मेनूत एनटीएससीचं पाल केलं (व्हिडिओच्या दोन पद्धती, पाल ५० हर्ट्झवाली) की २५ फ्रेम मिळतील. बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगेल, आधी फुटेज उतरवून घे.

निळी_छटा: ट्यूब बंद करून एलईडी पॅनल लावा, झंझटच नको.

फोकसराव: स्वस्त पॅनल मंद केलं की तेही लुकलुकतं, आणि १/५० ने ते सुटत नाही. उजेड कमी हवा तर फुल ब्राइटनेसवर ठेवून लांब न्यायचं.

तैलबुद्धी: चमकेचं सांगतो. उजवा हात असेल तर दिवा डावीकडून, तिरका. हाताची सावली रेघेवर पडणार नाही. दिव्याला पोलरायझिंग शीट, लेन्सला पोलरायझर (चमक अडवणारा फिल्टर). दोन्ही मिळून तीनेक स्टॉप उजेड जाईल (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पण चमक पूर्ण मारू नका, तैलरंग मेल्यासारखा दिसतो. आत्ता ओढलेला फटकारा कुठला, हे त्या ओलेपणावरूनच कळतं. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) ऑटोवर नको, कॅनव्हास लाल होत गेला की बाकी सगळं निळसर पडतं.

जुनाट_रीळ: फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोचा पिकासोवरचा १९५६चा माहितीपट बघा. काचेवर रंगवून घ्या, विषय संपला.

तैलबुद्धी: काच अमेरिकन चित्रकार पोलॉकची, छायाचित्रकार हान्स नामुथने खालून चित्रित केलेली. पिकासोला शाई झिरपणारा कागद दिला होता, कॅमेरा पलीकडून. तैलरंग कुठला झिरपायला!

निळी_छटा: टाइमलॅप्स करा. १० सेकंदांना १ फ्रेम, ५ तासांचे १८०० फ्रेम, म्हणजे सेकंदाला २५ ने ७२ सेकंद.

जुनाट_रीळ: त्यात चित्रकार थांबून बघत बसतो तेच उडतं. प्रक्रिया म्हणजे तेच तर!

पॉपकॉर्न: मिफला (मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव) पाठवणार असाल तर इंग्रजी सबटायटल्स आत्तापासून करा.

कुंचला_कट: १/५० ने पट्टे गेले. पण खोली ८ फुटांची आहे, दिवा लांब कुठे नेऊ? खिडकी आहे, पण चाळीच्या गॅलरीत उघडते, सारखी ये-जा.

फोकसराव: हे आधी सांगायचं की! काचेला ट्रेसिंग पेपर लाव, सावल्यांच्या कडा मऊ होतील. एक्स्पोजर मॅन्युअल, नाहीतर खिडकीपुढून माणूस गेला की कॅमेरा चित्र उजळवत बसेल. खिडकी चित्रकाराच्या डाव्या हाताला येते ना?