व्हिसिसिट्यूड्स : पाळी बदलणे

'व्हिसिसिट्यूड्स' (vicissitudes) या इंग्रजी शब्दाचा 'संकटे' असा अर्थ कुणी दिला, तर तो मला अपुरा वाटतो. या शब्दात चांगले दिवसही येतात. मूळ लॅटिन 'विकिस', म्हणजे पाळी, बदल. त्यावरून 'विकिस्सिम', म्हणजे आळीपाळीने, आणि पुढे 'विकिस्सितूदो'. 'व्हाइस व्हर्सा'मधला आणि व्हाइसरॉयमधला 'व्हाइस' याच घराण्यातला: एकाच्या जागी दुसरा.

आम्हा सोलापूरकरांना 'पाळी' वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इथली जुनी गिरणी 1877 सालची. भोंगा झाला की पहिली पाळी सुटायची, दुसरी आत जायची. माझे आजोबा त्याच भोंग्यावर जेवायचे. पुढे गिरण्या बंद पडल्या, हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, चादरीच्या जोडीला टॉवेल आले. यातली प्रत्येक गोष्ट संकट नव्हती, काही घरांची तर त्यातूनच भरभराट झाली. हे सगळं मिळून व्हिसिसिट्यूड्स, आणि म्हणूनच हा शब्द बहुधा अनेकवचनात येतो.

मराठीत 'चढउतार' चालेल, पण त्यात आळीपाळीचा भाव उतरत नाही. 'स्थित्यंतरे' मला जास्त जवळचा वाटतो. बोलीत मात्र 'दिवस फिरले' म्हणतो तेच, फक्त ते दोन्ही बाजूंनी फिरतात असं धरायचं.