अमेरिकेने जपान्यांनाच माकडं का ठरवलं, जर्मनांना का नाही?

तापीकाठचा (अमळनेर):
काल अभ्यासिकेत डोकं उठलं राव. मी म्हणत होतो दुसऱ्या महायुद्धात अमेरिका-जपानची पॅसिफिकची लढाई इतकी घाण झाली कारण समोरचा माणूसच नाही असं दोन्हीकडच्या सरकारांनी लोकांच्या डोक्यात भरलं होतं, तर मित्र म्हणतो जपानने १९४१ ला पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला त्याचा राग होता, विषय कट. कोणी वाचलंय का नीट?

जुना_भुसावळकर:
राग होताच की, पण नुसत्या रागाने कोणी कवट्या गोळा करत नाही. मे १९४४ मध्ये 'लाइफ' मासिकात फोटो आला, एक बाई टेबलाशी बसून मित्राला आभाराचं पत्र लिहितेय आणि समोर त्याने धाडलेली जपानी सैनिकाची कवटी. जर्मनाची कवटी अशी छापली असती का? पोस्टरं बघ, जर्मनीचं असलं तर शत्रू म्हणजे हिटलर, नाझी. जपानचं असलं तर अख्खी जमातच, दात पुढे आलेली माकडं नाहीतर उंदीर. १९४२ मध्ये अमेरिकेतलेच जवळपास १,२०,००० जपानी वंशाचे लोक कॅम्पात कोंबले, बहुतेक तर अमेरिकन नागरिकच! जर्मन वंशाच्यांना असं सरसकट नाही उचललं.

धुळ्याची_माई:
भाऊ, हाई बठ्ठं खरं शे, पण जपानले सोडू नका. जपानी सैन्याने चीनमधल्या नानजिंग शहरात केलेली कत्तल १९३७ ची, पर्ल हार्बरच्या चार वर्षं आधीची, आणि मेले ते चिनी, गोरे नाही. 'आशिया आशियाईंचा' म्हणत आले आणि जपानने मजूर अन् युद्धकैदी राबवून बांधलेल्या बर्मा रेल्वेवर तमिळ, मलय, बर्मी मजूर गोऱ्या कैद्यांच्या कितीतरी पट मेले.

पारोळ्याचा_पोऱ्या:
मला तर सगळ्यात भयानक हे वाटतं की प्रचार आपोआप खरा होत गेला. जपानी सैनिकाला शिकवलेलं की जिवंत पकडलं जायचं नाही, साध्या लोकांना सांगितलेलं की अमेरिकन हालहाल करून मारतील, मग शरण कोण येणार, काही तर हात वर करून जवळ यायचे अन् ग्रेनेड फोडायचे, मग अमेरिकन पोरं खरंच शरण येणाऱ्यालाही गोळ्या घालायला लागली, अन् ते बघून उरलेले अजूनच येईनात. जुलै १९४४ ला सायपान बेटाच्या मार्पी पॉइंटवर बाया लेकरं घेऊन कड्यावरून उड्या मारत होत्या आणि इकडे लाउडस्पीकरवर जपानीत विनवणी चालली होती की या, काही करणार नाही. शेवटी माहिती काढायला कैदी पाहिजेत म्हणून अमेरिकन अधिकाऱ्यांवर स्वतःच्याच सैनिकांना आइस्क्रीम अन् तीन दिवसांच्या सुट्टीचं आमिष दाखवायची वेळ आली, जिवंत आणा म्हणून!

तापीकाठचा:
आइस्क्रीम??? बाप रे. पण मित्राचा आता नवीन फाटा, म्हणे युरोपात गोरेच गोऱ्यांशी लढले, तिथे कुठला वंशद्वेष.

जुना_भुसावळकर:
पूर्व आघाडी, म्हणजे जर्मनी-सोव्हिएत लढाई, विसरला काय तो? ज्यूंचं तर सोडच, स्लाव लोकही (रशियन, पोलिश वगैरे) खालच्या दर्जाचे हे नाझींनी सैन्याला घोटून घोटून शिकवलेलं. जर्मनांच्या हाती साधारण ५७ लाख सोव्हिएत कैदी लागले, ३० लाखांच्या वर मेले, कित्येक नुसते उपासमारीने. त्याच जर्मनांकडचे ब्रिटिश-अमेरिकन कैदी मात्र बहुतेक घरी परतले. विचार त्याला, सैन्य तर एकच होतं ना?