आधी उंबरठे मोजा
एकमजली घरासाठी कुठला रोबो व्हॅक्यूम (आपोआप फिरून धूळ ओढणारं यंत्र) घ्यावा, या प्रश्नावर उत्तर देणारे बहुतेक जण सक्शनच्या पास्कलमध्येच, म्हणजे धूळ ओढण्याच्या ताकदीच्या आकड्यांतच, अडकलेत. माझ्या मते आधी उंबरठे मोजा. बरेचसे रोबो साधारण 2 सेंमीपर्यंतच चढतात. जुन्या घरांतले लाकडी-दगडी उंबरठे सहज त्याहून उंच असतात. मग दर खोलीला उचलून ठेवणार कोण? एकच मजला आहे, तर अनेक मजल्यांचे नकाशे साठवण्यासाठी जास्तीचे पैसे नकोत. लायडारवाला (लेझरने अंतर मोजणारा) मात्र घ्याच, अंधारातही नकाशा नीट बनवतो. फक्त वरच्या घुमटीमुळे उंची बहुधा 10 सेंमीच्या आसपास जाते, तेव्हा दिवाणाखालची जागाही बघा. आणि हो, दारातली रांगोळी तो सोडणार नाही! ॲपमध्ये तेवढा भाग वर्ज्य करून ठेवा.