मदत हवी आहे: तेल खाणारा जिवाणू सापडला, पण इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर वर्सोवा कोळीवाड्यात. पावसाळ्यात समुद्रातल्या तेलाचे चिकट डांबरगोळे किनाऱ्याला लागतात, बाबांच्या जाळ्याला चिकटतात आणि सगळा दिवस ते काढण्यात जातो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ 'चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकून समुद्रात तेल सांडलं, तेव्हा मी लहान होते. मासळी विकली जाईना म्हणून आईचा पडलेला चेहरा मात्र आठवतो. प्रोजेक्टला हा विषय घेतला तो त्यामुळेच.

ससून डॉकजवळच्या गाळातून बुशनेल-हास माध्यमात (जिवाणू वाढवायचं, फक्त क्षार असलेलं द्रावण), कार्बनसाठी फक्त डिझेल देऊन, तीन जिवाणू वेगळे केले. त्यातल्या एकाचा द्रव बशीतल्या तेलाच्या तवंगावर टाकला की तवंग झटकन बाजूला सरतो. पण पेशी काढलेल्या द्रवात तेवढंच रॉकेल घालून २ मिनिटं घुसळलं, तर २४ तासांनी इमल्शनचा थर जेमतेम १० टक्के उरतो. पेशींसकट घेतलं तर ४० टक्के!

म्हणजे बायोसर्फॅक्टंट (जिवाणूने बनवलेला, पृष्ठताण कमी करणारा साबणासारखा पदार्थ) पेशींनाच चिकटून राहतंय का? अल्कॅनिव्होरॅक्स या तेल खाणाऱ्या समुद्री जिवाणूत तसं होतं. ते सोडवायला कोणता द्रावक वापरावा? की नायट्रोजन कमी करून आधी उत्पादन वाढवून पाहू? स्युडोमोनास जिवाणूत त्याने ऱ्हॅम्नोलिपिड हे बायोसर्फॅक्टंट वाढतं.

आणखी एक विनंती. आमच्या कॉलेजात पृष्ठताण मोजायचं यंत्र नाही. मुंबईत कुणाच्या प्रयोगशाळेत चार-पाच नमुने तपासू देतील का? मी स्वतः घेऊन येईन.