दुसऱ्या नावाने शोधा

जुन्या बॅटरी रेडिओत लागणारा व्हॉल्व्ह (काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) 'डीके ९१ आता मिळतच नाही' असं वर दोघांनी लिहिलंय, पण तेवढ्यावर शोध सोडू नका. हाच व्हॉल्व्ह अमेरिकी क्रमांकाने १आर५ आणि ब्रिटिश लष्करी क्रमांकाने सीव्ही ७८२ म्हणून विकला जातो. वडिलांच्या बॅटरी रेडिओसाठी मला शेवटी १आर५ छापलेलाच मिळाला, न वापरलेला, खोक्यासकट! नाव जवळचं असलं तरी डीके ९२ हा व्हॉल्व्ह मात्र घेऊ नका. पिनांची जोडणी वेगळी आहे.

आणि फिलामेंट, म्हणजे व्हॉल्व्हमधली तापणारी बारीक तार (पिन १ आणि ७), तपासायला डिजिटल मीटरच घ्या. काट्याचे काही जुने मीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर बराच करंट सोडतात, आणि अशाच बॅटरी व्हॉल्व्हच्या ९६ मालिकेची (नावात ९६ असलेले) फिलामेंट तर जेमतेम २५ मिलीअँपियरची. त्या मालिकेतला माझा एक चांगला डीएएफ ९६ असाच जळून गेला, अजून हळहळ वाटते.