ढगात असताना पायलटला जोतिबाचा डोंगर कसा कळतो?

रंकाळ्याकाठी
नमस्कार मंडळी. परवा आईला घेऊन हैदराबादहून कोल्हापूरला येत होतो, पंख्यावालं एटीआर, बाहेर नुसता करडा ढग, पंखाचं टोकसुद्धा दिसेना. चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला, आता टेकणार म्हणताना इंजिनाचा आवाज एकदम वाढला, नाक वर, पोटात गोळा. आई डोळे मिटून चांगभलं चांगभलं म्हणत बसली, माझा हात असा धरला होता की नखं उमटली. दुसऱ्या वेळी नीट उतरलं. शेजारचे एकजण म्हणाले पायलट नवशिका असणार. जोतिबा, पन्हाळा एवढे जवळ, काहीच दिसत नसताना हे लोक डोंगर चुकवतात कसे? आई परत विमानात बसायला तयार नाही, तिला समजेल असं कुणीतरी सांगा.

उचगावचा पोरगा
भावा आता सगळं जीपीएसवर असतंय, स्क्रीनवर डोंगर लाल-पिवळे दिसत्यात, लई जवळ गेलं की मशीनच टेरेन टेरेन पुल अप, म्हणजे जमीन आली वर घ्या, म्हणून ओरडतंय. काय टेन्शन घिऊ नको.

जुना टॉवरवाला
मी बरीच वर्षं एटीसीत, म्हणजे टॉवरमधून विमानांना सूचना देण्यात काढली, आता रिटायर आहे. पोरानं सांगितलं ते खरं आहे पण ते मशीन म्हणजे शेवटचा उपाय, तिथपर्यंत वेळच येऊ द्यायची नसते. ढगात पायलट डोंगर शोधत नाही. डोंगर कुठं आणि किती उंच हे आधीच मोजून चार्टवर आलेलं असतं. 25 नॉटिकल माईल, म्हणजे साधारण 46 किलोमीटरच्या वर्तुळात किती उंचीच्या खाली यायचं नाही तो आकडा तिथं छापलेला असतो, एमएसए म्हणतात त्याला, आणि त्या भागातल्या सगळ्यात उंच जागेच्या वर निदान 1000 फूट मोकळे सोडूनच तो काढतात. त्याच्या आत आलं की जिना उतरल्यासारखं, या ठिकाणापर्यंत याच्या खाली नाही, पुढच्या ठिकाणापर्यंत त्याच्या खाली नाही. शेवटच्या पायरीवर पोचूनही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर अजून थोडं बघू असं नसतं, पॉवर लावायची आणि वर जायचं, आणि वर जायचा रस्तासुद्धा डोंगर मोजूनच आखलेला असतो. तुमच्या पायलटनं बहुतेक हेच केलं.

आपल्या कोल्हापूरचाच हिशेब बघा. उजळाईवाडीची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून 2000 फुटांच्या आसपास, जोतिबा साधारण 3100. म्हणजे पायलटच्या मीटरवर 3000 दिसत असतील तर तो धावपट्टीच्या 1000च फूट वर आहे आणि जोतिबाच्या माथ्यापेक्षा खाली. आणि ते मीटर चालतं हवेच्या दाबावर. दाबाचा आकडा टॉवर सांगतो, पायलटनं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. हा आकडा हेक्टोपास्कलमध्ये असतो, एकाची चूक म्हणजे उंचीत जवळजवळ 28 फूट. मे 2022 मध्ये पॅरिसला 1001 ऐवजी 1011 सांगितलं गेलं, म्हणजे मीटर खऱ्यापेक्षा जवळजवळ 280 फूट जास्त दाखवणार, पावसात उतरणारं एअरबस धावपट्टीच्या अलीकडंच जमिनीपासून 6 फुटांवर आलं होतं, वर गेलं म्हणून माणसं वाचली.

उचगावचा पोरगा
बाप रे. पण काका एवढं सगळं असताना चांगली विमानं डोंगरावर का आदळतात मग?

गडहिंग्लजची को-पायलट
मी एटीआरच उडवते म्हणून लिहिते. बहुतेक वेळा विमान ठणठणीत असतं, आपण कुठं आहोत हेच डोक्यात चुकीचं बसलेलं असतं. जुलै 1962 मध्ये आपल्या जुन्नरच्या डोंगरात रात्री अलिटालियाचं डीसी-8 आदळलं, मुंबईला उतरायला येत होतं, 94 माणसं गेली. मुंबई जवळ आली असं समजून उंची लवकर सोडली, अजून मध्ये सह्याद्री होता. डिसेंबर 1995 मध्ये कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं 757. रोझो नावाच्या बीकनसाठी, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी, कंप्युटरमध्ये नुसतं आर अक्षर टाकलं, कंप्युटरनं बोगोटाजवळचा रोमिओ बीकन धरला, विमान डावीकडं वळलं, दोन्ही बाजूला डोंगर आणि उतरणं चालूच. 163 पैकी 159 गेले. पुल अप वाजलं होतं पण जेमतेम 12-13 सेकंद आधी, कारण तेव्हाचं मशीन फक्त पोटाखालची जमीन मोजायचं, समोरचा कडा त्याला कळायचा नाही. आता नकाशा आणि जीपीएसमुळं आधी कळतं, तरी ते वाजलं की चर्चा नाही, ऑटोपायलट काढा, पूर्ण पॉवर, नाक वर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 2010 मध्ये इस्लामाबादच्या मारगल्ला टेकड्यांवर एअरब्लू या पाकिस्तानी कंपनीचं विमान आदळलं, 152 माणसं गेली. को-पायलट कॅप्टनला वर घ्या म्हणत होता, कॅप्टननं ऐकलं नाही. म्हणून आता शिकवतातच की दोघांपैकी कुणीही गो अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर चला, म्हटलं की आधी वर जायचं, का ते नंतर विचारायचं. ढगात शिरायच्या आधी आम्ही चार्टवरची प्रत्येक उंची मोठ्यानं म्हणतो, दुसऱ्यानं बोट ठेवून ताडून बघायची, रोजची धावपट्टी असली तरी. दादा, नवशिका म्हणणाऱ्यांना सांगा, वर नेणाऱ्यानं त्याचं काम केलं. मला तरी वर नेताना कधी कमीपणा वाटला नाही.

रंकाळ्याकाठी
काका, ताई, मनापासून आभार. आत्ता स्वयंपाकघरात उभं राहून आईला सगळं वाचून दाखवलं. ती सहकारी बँकेत कॅशियर होती. दाबाचा आकडा परत म्हणून घ्यायचा हे ऐकल्यावर तिनं भाकरी थापायची थांबवली, म्हणाली आम्ही पण नोटा दोघींनी मोजल्याशिवाय खिडकीतून देत नव्हतो, एकीनं चूक केली तरी दुसरीला घावायची. मग थोड्या वेळानं तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, दिवाळीचं तिकीट काढ, फक्त खिडकीची सीट नको.